वाटणीत न आलेली गाडी

नील आणि आर्या,

तुमच्याकडे आता खिडकीबाहेर बर्फ असेल. इथं पहाटे खिडकी उघडली की आधी धूर आत येतो आणि त्याच्या मागून गोड वास. उचगावच्या आसपासची गुऱ्हाळं पेटली. पूर्वीइतकी राहिली नाहीत, पण जी आहेत त्यांचा वास अजून आपल्या अंगणापर्यंत पोचतो.

परवा फोनवर नीलनं विचारलं, ती जुनी गाडी अजून का ठेवली आहे, भंगारात का देत नाही. तुमचे बाबा म्हणाले, आजोबांनी ती स्वतः दुरुस्त केली म्हणून. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली आणि विषय तिथंच राहिला. उत्तर चुकीचं नव्हतं, अपुरं होतं. मी जन्मभर शाळेत इंग्रजीचे पेपर तपासले आहेत; अपुरं उत्तर दिसलं की मला स्वस्थ बसवत नाही.

आधी हे इंग्रजीतच लिहायला घेतलं होतं, तुम्हाला सोपं जावं म्हणून. पहिल्याच परिच्छेदात काहील आली, चुलवाण आलं, चिपाड आलं, आणि प्रत्येक शब्दाला दोन-दोन ओळींचं शेपूट लावत बसावं लागलं. तेव्हा मराठीतच लिहिते. आर्याला वाचता येतं, ती नीलला वाचून दाखवेल. अडलं तर फोन करा. इथं किती वाजले असतील ते बघत बसू नका.

गुऱ्हाळात उसाचा रस लोखंडी काहिलीत उकळतो. काहील म्हणजे आपलं निम्मं अंगण व्यापेल एवढी पसरट कढई. खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, ढणढण जळत असतात. रसात भेंडीचं पाणी घालतात, मग त्यातला मळ फेसासारखा वर येतो आणि माणसं तो लांब दांड्याच्या झाऱ्यानं काढत राहतात. वास दिवसभर एकसारखा नसतो. सकाळी त्यात हिरवा कच्चेपणा असतो. मळ निघत असताना तो जरा उग्र होतो, डोक्यात जातो. गूळ तयार होत आला की मात्र तो असा काही घट्ट, भाजका होतो की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरतो. त्या शेवटच्या वासाला आण्णा एकच शब्द वापरायचे, "उतरला." म्हणजे काहील चुलवाणावरून उतरली, गूळ झाला. घरात बसून, नुसत्या नाकानं.

तो शब्द मी तीन हंगामांपूर्वी ज्या संध्याकाळी ऐकला, तिथून गाडीची गोष्ट सुरू होते. पण आधी माणसं सांगायला हवीत.

आण्णा म्हणजे तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ. त्यांचं घर आणि आपलं घर एकाच अंगणाच्या दोन बाजूंना, समोरासमोर. त्यांच्या पत्नी, माझ्या जाऊबाई, त्या अक्का. मी लग्न होऊन आले तेव्हा घर एकच होतं, चूल एकच होती आणि गाडीही एकच होती. दोघा भावांनी मिळून घेतलेली, ताकाच्या रंगाची, गोल पाठीची. चालवायचे आण्णा. शेजारी अक्का, कारण मागं बसलं की त्यांना मळमळायचं. मागं आम्ही सगळे, मांडीवर मुलं, पायाशी गुळाच्या ढेपा. तुमच्या आजोबांकडे कामं होती ती उतरायची: फाटक उघड, रेडिएटरमध्ये पाणी घाल, काच पूस. ड्रायव्हरच्या जागेवर ते क्वचितच बसले. थोरल्या भावाच्या देखत स्टिअरिंग धरणं त्यांना अवघड वाटायचं.

कुंभोजच्या डोंगराकडे दर्शनाला जाताना एका खड्ड्यात अक्कांच्या बाजूच्या काचेचं हँडल निखळलं. परत बसवलं, परत निघालं. शेवटी अक्कांनी ते आपल्या कापडी पिशवीत ठेवायला सुरुवात केली. गाडीत बसल्या की पिशवीतून हँडल काढायचं, बसवायचं, काच बरोबर निम्मी खाली घ्यायची आणि हँडल पुन्हा पिशवीत. पूर्ण उघडली तर केस उडतात, बंद ठेवली तर जीव घाबरतो. आण्णा म्हणायचे, नवीन घालून घेऊ. अक्का म्हणायच्या, "ऱ्हाऊ दे. किल्ली तुमच्याकडं, हँडल माझ्याकडं."

पुढं मुलं मोठी झाली, घर पुरेना, आणि वाटणी झाली. आवाज कुणाचाच चढला नाही. शेत झालं, म्हशी झाल्या, तांब्यापितळेची भांडी अक्कांनी आणि मी हसत-खेळत लावली. मग गाडीपाशी सगळं अडलं. आण्णा म्हणाले, धाकट्याला असू दे, त्याची पोरं शिकत्यात. आजोबा म्हणाले, चालवणारे आण्णा, मी घेऊन काय करू. पुन्हा आण्णा, पुन्हा आजोबा. पंच म्हणून बसलेल्या मामांनी दोघांचं कौतुक केलं आणि चहा पिऊन ते निघून गेले. खरं म्हणजे गाडी दोघांनाही हवी होती. दोघंही समोरचा एकदा "बरं, मी घेतो" म्हणेल याची, किंवा एकदा जोर करून "घेच" म्हणेल याची वाट बघत राहिले. गाडी गोठ्याकडेच्या पत्र्याखाली गेली. तिच्यावर ताडपत्री आली. आण्णा बसनं जाऊ लागले, आजोबांनी स्कूटर घेतली, आणि रोज येता-जाता दोघंही त्या ताडपत्रीकडे बघायचे. भांडणातली वस्तू निदान कुणीतरी ओढून तरी नेतं. ही मानापानात सोडलेली होती. ती जागेवरच गंजली.

तुमचे बाबा तिकडे गेले ते लगेच त्यानंतर. म्हणून त्यांच्या आठवणीत ती चालणारी गाडी आहे आणि मग एकदम फोटोतली दुरुस्त झालेली. मधलं त्यांनी पाहिलेलं नाही.

मी सांगते आहे त्या हंगामाच्या आधीच्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. फार दिवस अंथरुणावर नव्हत्या. आषाढात चातुर्मास सुरू झाला त्या दिवशी आण्णांनी बस्तीत, म्हणजे आपल्या जैन मंदिरात, नियम घेतला: घर आणि बस्ती, यापलीकडे पाऊल टाकायचं नाही. आपल्यात असे नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी तूप-गुळासारखा एखादा रस सोडतं, कुणी स्वतःच्या फिरण्याला हद्द घालून घेतं. मन आवरायला त्याचा उपयोग होतो, मी पाहिलं आहे. आणि घरच्यांचाही एक न घेतलेला नियम असतो: ज्यानं सोडलं आहे त्याच्यासमोर त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही. गोड सोडलेल्या माणसाला पंगतीत "एक लाडू घ्या" म्हणायचं नाही. त्याचं पुण्य आपण कशाला घालवायचं?

आम्ही तो अगदी काटेकोर पाळला. श्रावणात शेतावर जाताना आजोबा फाटकाचा आवाजसुद्धा होऊ द्यायचे नाहीत. लग्नाच्या पत्रिका आल्या की मी त्या आपल्याच घरात ठेवून घ्यायची. आण्णांची मुलगी शोभा, कबनूरला दिलेली, दिवाळीला आली, फराळ ठेवून गेली. चार दिवस आमच्याकडे चला असं तिच्या ओठांवर आलेलं मी पाहिलं, पण ती बोलली नाही. नंतर अंगणात मला म्हणाली, बाबांचा नियम हाय, माझ्या तोंडानं कशाला मोडायला लावू.

दिवाळी झाली. चातुर्मास संपला. आण्णा तसेच. सकाळी बस्तीत जायचे, परत येऊन सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, खुर्चीवर बसायचे, हातात जपमाळ. मी ताट नेलं की "पुरे" एवढं बोलायचे, आणि ते पहिल्या भाकरीलाच. डॉक्टर येऊन गेले. छाती ठीक, रक्त ठीक. पाय मात्र न चालल्यानं हलके पडत चालले होते. बस्तीतून परतताना ते मधल्या कट्ट्यावर टेकायला लागले. मला दिसत होतं की हा माणूस असाच, कुणाला त्रास न देता, सोप्यात बसल्या बसल्या संपणार आहे. आजोबांनाही दिसत होतं. आम्ही दोघं त्याविषयी बोलायचो ते भाजी काय करायची अशा सुरात.

आणि मग ती संध्याकाळ. जेवणं उरकली होती. आपण दिवस मावळायच्या आत जेवतो, त्यामुळे नंतरचा तो उजेड-अंधाराचा वेळ मोकळा असतो. वारा फिरला आणि गुऱ्हाळाचा वास अंगणात शिरला. आण्णांची जपमाळ थांबली. त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि स्वतःशीच म्हणाले, "उतरला."

आजोबा पायरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवत होते तेव्हा गोठ्याकडून ताडपत्री ओढल्याचा आवाज आला.

त्यांचं म्हणणं असं होतं: अक्कांना वर्ष झालं की आण्णांचा नियम सुटेल, त्या दिवशी गाडी दारात उभी पाहिजे. वर्ष हे कुठून आलं, आजही मला सांगता येणार नाही. घरात कुणीतरी म्हटलं असेल, बाकीच्यांनी माना डोलावल्या असतील. मी म्हटलं, तोवर गुऱ्हाळं बंद होतील. ते म्हणाले, पुढच्या हंगामाला नेऊ. पुढच्या हंगामापर्यंत आण्णा असतील का, हा प्रश्न आम्ही दोघांनीही ताडपत्रीबरोबर घडी घालून बाजूला ठेवला.

दुरुस्तीसाठी रंगामिस्त्री आला. उद्यमनगरातल्या कारखान्यांत तरुणपण काढलेला, आता मुलाच्या हाती गॅरेज देऊन मोकळा झालेला, आवाज असा की दोन गल्ल्यांना कळावं मिस्त्री आलाय. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाला लाथ घातली आणि जाहीर केलं की हे इंजिन मेलेलं नाही, रुसलेलं आहे. मग बॉनेट उघडलं.

एअर फिल्टरच्या डब्यात उंदरिणीचं घर होतं. गुलाबी, बोटाच्या पेराएवढी, डोळे मिटलेली पिल्लं. अंथरूण माझ्या जुन्या उत्तरपत्रिकांचं; त्या मी कधीकाळी डिकीत ठेवल्या होत्या आणि विसरले होते. एका चिटोऱ्यावर माझ्या लाल शाईतला "पुन्हा लिही" हा शेरा शाबूत होता. आजोबांनी बॉनेट इतक्या हळू खाली घेतलं, जणू खाली पाळणा आहे. पिल्लांचे डोळे उघडून ती स्वतःच्या पायांनी जाईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे त्यांनी ठरवलं.

मिस्त्रीनं कमरेवर हात ठेवले. "मालक, मी पार्टसाठी थांबलोय, पावसासाठी थांबलोय. उंदराचं डोळं उघडायसाठी आज पयल्यांदाच थांबतोय."

समोरच्या सोप्यातून एक आवाज आला. खोकला असेल असं वाटून मी वळून पाहिलं. आण्णांनी तोंडावर उपरणं धरलं होतं आणि त्यांचे खांदे हलत होते.

तेव्हापासून काम मागून पुढं सुरू झालं. आधी चाकं, मग ब्रेक, मग सीट. खोललेली प्रत्येक वस्तू मी हाती घेतली, कारण मिस्त्रीची पद्धत अशी होती की सगळं एका पाटीत टाकायचं आणि मग शिव्या देत शोधायचं. पापड वाळवायची ताटं, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, मसाल्याच्या डब्या, सगळ्यांना चिठ्ठ्या लावल्या: पुढचं डावं चाक, पेट्रोल पंप, कशाचे ते माहीत नाही. मिस्त्री म्हणाला, बाई, ही गाडी हाय का दवाखाना? मी म्हटलं, दोन्ही. एकदा आजोबांनी छोटे वॉशर घाईत वेलदोड्याच्या डबीत टाकले आणि दोन दिवस चहाला रॉकेलचा वास येत राहिला. कार्बोरेटर माझ्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून धुतला गेला. आधी माझी कटकट चालली, मग मीच जुना टूथब्रश आणून त्याची बारीक भोकं घासायला लागले. स्पष्ट सांगायचं तर मला मजा येत होती. निवृत्त झाल्यापासून इतकं नीटनेटकं मांडायला मला काही मिळालं नव्हतं.

पिल्लं गेली. मिस्त्रीनं त्या दिवशी डब्याकडे बघून हात जोडले. पेट्रोल पंपाचा एक भाग कुठंच मिळेना, तेव्हा तो उद्यमनगरात लेथवर करून आणला; या गावात मिळत नाही ती वस्तू करून घेतात. नवी बॅटरी बसली. टाकी आतून इतक्या वेळा विसळली की शेवटी पाणी पिण्याजोगं दिसायला लागलं. पौषातली थंडी होती. सकाळी उन्हात आजोबा आणि मिस्त्री गाडीत डोकं घालून, मी ताटं घेऊन पायरीवर, आणि समोर आण्णा. त्यांची खुर्ची आधी भिंतीला टेकलेली असायची. मग ती सोप्याच्या मध्यावर आली. मग खांबापाशी. सरकवताना त्यांना कुणी पाहिलं नाही. आम्ही कुणी काही म्हटलंही नाही. नियम होता ना.

सगळं जोडून झालं, तरी गाडी चालू होईना. किल्ली फिरवली की खुर्र खुर्र खुर्र, आणि एक सुस्कारा. मिस्त्री म्हणायचा पेट्रोल येत नाही, आजोबा म्हणायचे ठिणगी येत नाही, आणि दोघंही सगळं खोलून परत बसवायचे. प्रत्येक खुर्रला समोर जपमाळ थांबायची. हे असं बरेच दिवस चाललं. मिस्त्रीचा आवाज लहान झाला, यावरून काय ते ओळखा. एका दुपारी आजोबा स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलेले मी पाहिले. मी ताट वाजवलं, म्हणजे त्यांना सावरायला वेळ मिळावा.

त्या दुपारी आण्णांचं ताट न्यायला गेले, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "विमल, त्याला म्हणावं चोक निम्माच वढ. आन् किल्ली फिरवताना पाय लावू नको. ल्हानपणापास्नं घाई हाय त्याला."

मी अंगण ओलांडून निरोप दिला. आजोबा सोप्याकडे बघत राहिले, मग लहान मुलासारखे सरळ बसले. चोक निम्मा. पाय वर. खुर्र खुर्र, आणि मग गाडीनं जो ठसका दिला तो मी विसरणार नाही. काळा धूर, गोठ्यातल्या म्हशी दावं ओढून उभ्या, पत्र्यावरची कबुतरं एकदम आकाशात. आणि धुराच्या आत इंजिन चालत होतं. आधी अडखळत, मग सलग. मिस्त्रीनं पुन्हा दोन गल्ल्यांना ऐकू जाईल अशी हाळी देऊन सगळ्यांना कळवलं.

आजोबांनी गाडी हळूहळू बाहेर काढली, अंगणातून फिरवली आणि सोप्यासमोर आणून उभी केली. इंजिन चालू. आण्णा खुर्चीतून उठून खांब धरून उभे होते. आजोबा स्टिअरिंग धरून समोर बघत होते. मी उंबऱ्यात. कुणी काही बोलेना. वर्ष व्हायला अजून महिने होते, आणि आम्ही सगळे चांगल्या घरचे लोक होतो.

मिस्त्री चांगल्या घरचा होता, पण आमच्या घरचा नव्हता. हात पुसत तो म्हणाला, "आण्णा, बसा की. गाडी काय नुस्ती बघायला केली व्हय?"

आजोबांनी त्याला दबक्या आवाजात समजावलं, की त्यांचा नियम आहे, घर आणि बस्ती सोडून कुठं जायचं नाही.

"नियम चातुर्मासाचा हुता," आण्णा म्हणाले. "दिवाळीला सुटला."

इंजिनाच्या आवाजात ते इतक्या साधेपणानं बोलले की क्षणभर मला वाटलं कुणी ऐकलंच नसेल. आजोबांनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, मग इतके दिवस?

"कुणी चल म्हणालं न्हाय."

त्यात तक्रार नव्हती. आज वार कोणता ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. नियम सुटल्यावर माणूस आपणहून थोडाच उठून लोकांच्या गाड्यांत बसतो? त्यांना वाटलं होतं, आता अक्का नाही, आपलं ओझं कुणाला कशाला. आम्हाला वाटलं होतं, त्यांचं पुण्य आपण कशाला मोडायचं. दोन्हीकडे माया होती, मधे एक अंगण होतं, आणि त्यात एक माणूस वाळत चालला होता. ताडपत्रीखाली गाडी गंजली ती याच रीतीनं, हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं. आजोबांच्या आलं होतं का माहीत नाही. ते दार उघडून खाली उतरले, वळसा घालून डावीकडं आले आणि पुढचं दार उघडून धरलं.

"चला की, आण्णा."

"गाडी कुणाची हाय?" आण्णांनी विचारलं.

"तुमची."

"न्हाय, तुझी."

मिस्त्रीनं आकाशाकडे बघितलं. "आता परत सुरू करू नगासा. न्हायतर माझ्या नावावर करा, मी जातो घिऊन."

आजोबा हसले, आणि मग जे वाटणीच्या दिवशी कुणाला सुचलं नव्हतं ते म्हणाले. "दोघांची हाय. बसा."

आण्णांची नजर आता चालवण्याजोगी नव्हती, तेव्हा डावीकडची जागा त्यांची. अक्कांची जागा. ते बसले, दोन्ही हात मांडीवर ठेवले, मग डावा हात काचेकडे गेला आणि हँडल नसलेल्या मोकळ्या दांडीवर थांबला. ते तसेच उतरले आणि घरात निघून गेले. आजोबांचा चेहरा पडला. मला वाटलं झालं, चुकलं, त्या जागेवर बसवायलाच नको होतं. इंजिन तसंच चालू. थोड्या वेळानं आण्णा बाहेर आले ते अक्कांची कापडी पिशवी घेऊन. बसले, पिशवीतून हँडल काढलं, बसवलं, काच निम्मी खाली घेतली. हँडल पुन्हा पिशवीत.

"हं, चल," ते म्हणाले. मी मागं बसले, माझ्या जुन्या जागेवर.

गुऱ्हाळ फार लांब नाही. तुम्ही आला होता तेव्हा चालत गेलो होतो. पण त्या दिवशी रस्ता लांब व्हावा असं वाटत होतं. दोन्ही बाजूंनी ऊस, तोडलेल्या फडातून दिसणारं एकदम मोकळं आकाश, उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना धूळ आणि गाण्यांचा गोंगाट, आणि निम्म्या काचेतून येणारा वारा. आण्णा एकेक शेत ओळखून कुणाचं ते सांगत होते. दोन ठिकाणी शेताच्या जागी घरं झाली होती.

गुऱ्हाळवाले तात्या काहिलीजवळून धावत आले. वाफेत त्यांना आधी गाडी दिसली, मग माणूस. बाज टाकायला सांगितली, गरम गूळ उसाच्या कांडक्यावर गुंडाळून आणला. म्हणाले, वाट बघून दमलो, पण तुमचा नियम म्हणून निरोप धाडला न्हाय.

आण्णांनी फुंकर घालून गूळ तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले.

"माझा नियम सगळ्यांनी लई चांगला पाळला," ते म्हणाले.

तात्या हसले. आजोबा काहिलीकडे बघत राहिले. धुरानं डोळ्यांत पाणी येतं तिथं, कुणाच्याही.

परत येताना गाडी कालव्याच्या चढावर बंद पडली, हेही लिहून ठेवते, नाहीतर तुम्हाला वाटेल आजीनं साखर घातली. ऊसतोडीचे चार गडी आणि मी, मिळून ढकलत होतो. पदर खोचून, चपला हातात घेऊन. आण्णांनी निम्म्या काचेतून डोकं बाहेर काढलं होतं आणि मागं वळून आजोबांच्या नावानं ओरडत होते की दुसऱ्या गिअरात सोड, दुसऱ्या, पयल्यात काय सोडतोस. इतक्या महिन्यांत त्या घरातून इतका मोठा आवाज आला नव्हता. दिवस मावळायच्या आत पोचलो. मी वाढायला गेले तेव्हा ते "पुरे" म्हणाले, पण दुसऱ्या भाकरीनंतर.

नंतरच्या आठवड्यात गाडी कबनूरला गेली, शोभाच्या दारात. तिनं गाडीचा आवाज ओळखला म्हणे, गल्लीतल्या यंत्रमागांच्या खडखडाटातून. मला ते खरं वाटत नाही, पण मी खोडून काढलं नाही.

आता तुम्हाला हे सगळं का सांगितलं ते. मागच्या महिन्यात तुमचे बाबा मला म्हणाले, आई, तुमची विश्रांतीची वेळ असेल म्हणून फोन केला नाही. मी म्हटलं, तू कामात असशील म्हणून मीही केला नाही. फोन ठेवल्यावर मला एकदम ती ताडपत्री दिसली. आपल्या घराण्यात ही खोड आहे, मुलांनो: समोरच्याला जपायचं म्हणून त्याच्या दाराशी जाऊन गप्प उभं राहायचं. तिला चांगलं वळण म्हणतात. मीही ते मुलांना शिकवलं. पण नेमकं कुठं ते सोडून द्यायचं, हे एका मिस्त्रीच्या तोंडाळपणानं कळलं. तेव्हा साधं विचारते. पुढच्या हंगामाला या. सुट्टी नसेल, तिकीट नसेल, तर नाही म्हणा. पण मी विचारलं आहे, एवढं लक्षात असू द्या.

गाडीचं म्हणाल, तर कागदपत्रं पुन्हा करून घेतली आहेत. पावसाळ्यात ती बाहेर काढत नाही. थंडीत चोक निम्माच ओढावा लागतो. रंगामिस्त्री अजून येतो, काम नसलं तरी येतो. आण्णा आहेत, काठी लागते, पण आज सकाळी बस्तीतून आले ते कट्ट्यावर न टेकता. पुढच्या डाव्या काचेला अजून हँडल नाही. ते आण्णांच्या खिशात असतं.